तिसऱ्या पाइपचा तडा

सुटे तुकडे

चहाचा कप वर्कशॉपमधल्या काकांच्या हातात थरथरतो आणि बशीवर टिकटिक वाजतो. म्हणून हल्ली ते बशी घेतच नाहीत.

*

वॉशिंग मशीन मध्येच थांबलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने तळाची जाळी उघडून बोटभर तार काढून दाखवली. या महिन्यातली ही दुसरी.

*

गाडीतून काढून टाकलेल्या वस्तू: मागची सीट, पायाखालचे गालिचे, टपातला दिवा, कप ठेवायची खोबण, मागचा वायपर. एकूण एकतीस किलो चारशे ग्रॅम. यादीच्या खाली लाल पेनाने लिहिलंय: अजून काय?

*

मावशीच्या खिडकीत शोभेच्या वस्तू नाहीत. एक तुटका नळ आहे, मधोमध मोडलेला चमचा आहे, बिजागरीचं अर्धं पान आहे. प्रत्येकाची तुटायची तऱ्हा वेगळी, असं म्हणत ती रोज त्यांच्यावरची धूळ पुसते.

*

बुधवारी सकाळी शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात लाल गाडी आत शिरली. तिचा आवाज एरवी भरदार. आज मात्र ती पत्रा फाडल्यासारखी टरटरत होती. काकांनी हातातला कप खाली ठेवला. गाडीखाली वाकून बघायची त्यांना गरजच पडली नाही.

१. मावशीला कशाला बोलावलं

वर्कशॉपचा मालक म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. फोनवर तो एवढंच म्हणाला, की जरा येऊन जा, आणि घाई करू नकोस. लहानपणी काही फोडलं की तो असाच बोलायचा. मावशी लगेच निघाली.

काचेच्या केबिनमध्ये त्याने दार लावून घेतलं आणि सगळं एका दमात सांगितलं. लाल गाडीचं हेडर फुटलं होतं. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून निघणारा जळका वायू चार नळ्यांतून बाहेर येतो आणि पुढे एका नळीत मिळतो. त्या चार नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. गाडीबरोबर येतं ते ओबडधोबड असतं. शर्यतीत उतरणारे ते काढून चांगलं बसवतात. हे चांगलं हेडर काकांनी हाताने बनवलं होतं, आणि ते चार आठवडेही टिकलं नव्हतं. रविवारी टेकडीवरच्या चढाची शर्यत होती.

काका या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं वेल्डिंग करत होते, मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून. आता त्रेसष्ट वर्षांचे. मालकाने ठरवून टाकलं होतं: सोमवारपासून वेल्डिंग मशीनच्या कपाटाला कुलूप. यापुढे तयार हेडर मागवून बसवायची. काकांनी काउंटरवर बसावं, पावत्या फाडाव्यात.

"त्यांना तू सांग," तो म्हणाला. "तुझं ऐकतात ते. माझी जीभ रेटत नाही."

मावशीने एकतीस वर्षं पाइपच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काढली होती. तुटलेली वस्तू टेबलावर आली की ती का तुटली ते शोधायचं, हेच तिचं काम. तिचा अनुभव असा, की वस्तूच्या आधी माणसाचं नाव टेबलावर यायचं. पाळीवर कोण होता, कुणाचं लक्ष नव्हतं, हे सगळं ठरलेलं असायचं. कारण तेवढं शोधायचं बाकी असायचं.

"आधी तडा दाखव," ती म्हणाली.

"बघून काय करणार? तडा तो तडा."

"मग बघायला तुझं काय जातंय?"

हेडर काढून टेबलावर ठेवलं होतं. तिने पर्समधून भिंग काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिसऱ्या पाइपवर ओणवी झाली. पाच मिनिटं ती हलली नाही. मालक दोनदा खाकरला.

"काकांचा जोड कुठला?" तिने विचारलं.

त्याने बोट ठेवलं. मावशीने तड्यावर बोट ठेवलं. दोन बोटांमध्ये आणखी दोन बोटं सहज मावली असती.

"म्हणजे काकांनी जिथे काहीच केलं नाही, तिथे हे फुटलंय."

२. हात

काकांनी हातमोजे काढून, घडी घालून बाकावर ठेवले होते. परत करायची वस्तू ठेवावी तसे. मावशीला बघून ते उठले.

"हात गेला माझा, ताई," ते म्हणाले. "पोराची चूक नाही. मलाच कळायला हवं होतं."

मावशीने भंगारातला एक पाइपचा तुकडा त्यांच्यासमोर धरला आणि जोड मारून दाखवायला सांगितलं. काकांनी काच तोंडावर ओढली. ठिणगी पडेपर्यंत हात थरथरत होता. ठिणगी पडली आणि हात असा शांत झाला, की तो दुसऱ्याच कुणाचा वाटावा. जोड पूर्ण झाला, काच वर गेली आणि थरथर परत आली.

"पस्तिशीपासून असं आहे," काका कसनुसं हसले. "आता वय झालं म्हणून लोकांना दिसायला लागलं."

मग ती हेडरबद्दल खोदून खोदून विचारत राहिली आणि बोलता बोलता काकांचा आवाज चढत गेला. धातू स्टेनलेस, कारण त्याला गंज धरत नाही. भिंत दोन मिलिमीटरची. लाल गाडी चालवणारीला दीड हवी होती, ती ग्रॅमसाठी भांडते. पण पातळ पाइप दोन मोसम जात नाही. इंजिनाला लागणारी पट्टी जाड, म्हणजे उष्णतेने वाकडी होत नाही. चारही नळ्या पुढे जिथे मिळतात तिथे घट्ट जोड न मारता सरकता ठेवलेला, म्हणजे तापल्यावर त्यांना पसरायला जागा मिळते. टिकायचं असेल तर हेडरला हलता आलं पाहिजे, असं ते म्हणाले. नुसतं मजबूत असून भागत नाही.

एवढा विचार करून बनवलेली वस्तू चार आठवड्यांत का फुटावी? याच गाडीवर आधी काय होतं, असं मावशीने विचारलं.

काकांनी मागच्या रॅककडे बोट दाखवलं. दोन्ही जुनी हेडरं तिथेच पडली होती. पहिलं स्वस्तातलं, साध्या लोखंडाचं. वर्षभर चाललं आणि गंजून गेलं. दुसरं तयार स्टेनलेसचं, गाड्यांचे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याकडून घेतलेलं. ते पाच आठवड्यांत गेलं.

मावशीने तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पार्टवाल्याचंही फुटलं होतं तिसऱ्याच पाइपवर, त्याच वळणावर, तेवढ्याच अंतरावर. लोखंडाचं फुटलं नव्हतं. पण तिन्हींच्या तिसऱ्या पाइपवर, चार बोटांच्या अंतराने, पांढुरक्या भुकटीची दोन पुसट कडी होती.

तीन वेगळे कारागीर, दोन वेगळे धातू, आणि खूण एकच.

३. दोघांच्या जबान्या

पार्टवाला दुपारी आला तो तयारीनेच. त्याचं हेडर फुटलं तेव्हा सगळं वर्कशॉप त्याला हसलं होतं, आणि आज त्याची पाळी होती. त्याने हसून घेतलं. मावशीने हसू दिलं. मग त्याला विचारलं, की स्वतःचा माल फुटल्यावर तो परत का नेला नाही. पार्टवाला थोडा वरमला. कंपनीला पाठवला तर ते भाजून-कापून तपासतात, आणि दोष गाडीचा निघाला तर पुढच्या वेळी त्याला कुणी विचारत नाही, असं तो म्हणाला. काकांबद्दल मात्र वाकडं बोलला नाही. उलट जाता जाता हेडरचा जोड अंगठ्याने चाचपून म्हणाला, की असा जोड माझ्या कंपनीत मशीनही मारत नाही, पण हे मी बोललो असं कुणाला सांगू नका.

दुसरी जबानी वर्कशॉपमधल्या लॅपटॉप नावाच्या पोराची. खरं काम इंजिनाला किती पेट्रोल, किती हवा द्यायची ते ठरवण्याचं, पण मांडीवरून लॅपटॉप उतरत नाही म्हणून हे नाव. मालकाचा संशय काकांनंतर त्याच्यावर होता. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं तर इंजिन बेफाम तापतं आणि हेडर लालभडक होतं. लॅपटॉपने पडदा वळवून दाखवला. चारही सिलिंडरांचं तापमान सारखं, जवळजवळ एका रेषेत.

"माझी चूक असती तर चारही पाइपांनी भोगली असती," तो म्हणाला. "एकट्या तिसऱ्याशी माझं काय वैर?"

मावशीला ते पटलं. उठता उठता त्याने पडदा मिटवला, मग परत उघडला, मग परत मिटवला. त्याला अजून काहीतरी सांगायचं होतं आणि तो ते सांगत नव्हता.

४. पिवळं

भुकटी म्हणजे धुण्याचा साबण, असं मालक म्हणाला. पाण्यातला चुना, असं पार्टवाला म्हणाला. मावशीलाही आधी चुनाच वाटला होता. गुरुवारी सकाळी तिने ब्लेडच्या टोकाने चिमूटभर खरवडून चमच्यात घेतली आणि काकांना खालून गॅसची ज्योत धरायला सांगितली.

भुकटी लिंबासारखी पिवळी झाली.

ज्योत बाजूला केली. सगळे चमच्याकडे बघत राहिले. निवत निवत ती पुन्हा पांढरी झाली.

"पुन्हा," मावशी म्हणाली. पुन्हा पिवळी, पुन्हा पांढरी. मालकाने वाकून चमच्याच्या खाली काही आहे का ते पाहिलं.

चुना असं करत नाही, साबणही नाही, तिने सांगितलं. जस्ताची राख तापली की पिवळी होते आणि निवली की पांढरी. पत्र्याला, तारेला, बादलीला गंज लागू नये म्हणून जो मुलामा देतात ते जस्त.

"पण आपल्याकडे जस्ताचं काहीच नाही," मालक म्हणाला. "आणि गाडी आली तेव्हा पाइपवर काही नव्हतं. मी स्वतः उघडली."

"तेच तर," मावशी म्हणाली. "कुणीतरी तिथे काहीतरी बांधतं. आणि गाडी तुझ्याकडे यायच्या आधी सोडून नेतं."

कोपऱ्यात लॅपटॉपने पडदा मिटवला आणि या खेपेला उघडला नाही.

५. लॅपटॉपने जे पाहिलं होतं

मंगळवारी सरावाच्या मैदानावर तो आकडे घ्यायला लवकर पोचला होता. लाल गाडीचं बॉनेट उघडं होतं. पक्कड हातात घेऊन एक माणूस आत वाकला होता. लॅपटॉपला बघून त्याने घाईने बॉनेट पाडलं आणि पक्कड खिशात कोंबली.

घरचा मामला, म्हणून लॅपटॉप गप्प राहिला.

तो माणूस गाडी चालवणारीचा नवरा होता.

६. भिंगरी

तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण पाचव्या वर्षी ती जागच्या जागी फिरत राहायची आणि थांबली की पडायची. आता ती एका शाळेत गणित शिकवते आणि रविवारी गाडी पळवते. मावशीने तिला केबिनमध्ये बसवलं आणि गाडीला कोण कोण हात लावतं ते विचारलं. मी आणि तुमचं वर्कशॉप, भिंगरी म्हणाली. घरचा माणूस तर गाडीकडे बघतही नाही. सरावाला निघाले की तोंड पाडून बसतो. मैदानावर येतो, पण कुंपणाला टेकून उभा राहतो, आणि मी वर पोचेपर्यंत श्वास घेत नाही असं बाकीचे सांगतात.

"तो काय काम करतो?"

"एअर कंडिशनिंगचे डक्ट बनवतो. पत्र्याचं काम. खिशात सगळा कारखाना घेऊन हिंडतो. वॉशिंग मशीन दोनदा बंद पडलं त्याच्या तारांनी." ती हसत होती. मग मावशीचा चेहरा बघून हसायची थांबली.

मावशीने लॅपटॉपचं म्हणणं तिला सांगितलं. सांगावंच लागलं. भिंगरी बराच वेळ हातातली किल्ली फिरवत राहिली.

"मी थांबावं असं त्याला वाटत असेल, तर त्याने तोंडाने सांगायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "गाडी मोडायची गरज नव्हती."

"मोडायची असती तर ब्रेक आहेत, स्टिअरिंग आहे," मावशी म्हणाली. "एकाच पाइपला जपून दोन वेढे कोण घालतं? त्याला उद्या बोलाव. आणि खिसे रिकामे करू नको म्हणावं."

७. खिसे

शुक्रवारी डक्टवाला आला. धिप्पाड माणूस, पण दारातून आत येताना त्याने अंग चोरलं. त्याने कुणाकडे न बघता पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. तळहाताएवढा गोलसर वाकवलेला पत्रा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि दोन्ही टोकांना तारेचा एकेक वेढा. मावशीने तो उचलून काकांच्या हेडरवर धरला. दोन वेढे दोन पांढऱ्या कड्यांवर नेमके बसले, आणि त्यातल्या एकाखालीच तडा होता.

मागच्या वर्षी, त्याने सांगितलं, चढाच्या मधोमध गाडी बंद पडली होती. क्लचची केबल तिसऱ्या पाइपच्या अगदी जवळून जाते. तिचं आवरण वितळलं होतं. भिंगरी वळणावर अडकली आणि मागून दुसरी गाडी येत होती. ती गाडी थांबली, काही झालं नाही. भिंगरीने केबल थोडी सरकवली आणि विसरून गेली. तो विसरला नाही. त्याने पत्र्याची ढाल बनवली. पण भिंगरी टपातला दिवासुद्धा वजनापायी काढणारी. तिला दाखवली असती तर तिने ती खिडकीतून फेकली असती. म्हणून प्रत्येक सरावाच्या आधी गुपचूप बांधायची आणि गाडी निवली की सोडून घ्यायची, असं चाललं होतं.

"किती ग्रॅम?" भिंगरीने विचारलं.

"दोनशे दहा."

"दोनशे दहा ग्रॅम मी वर्षभर वाहून नेतेय?"

"केबल वितळली नाही ना परत?"

टेबलाखाली भिंगरीने त्याचा हात धरला, हे फक्त मावशीला दिसलं.

मालक मात्र अडून बसला होता. हीच ढाल लोखंडी हेडरवर वर्षभर होती, तेव्हा काही झालं नाही. एवढीशी तार दोन मिलिमीटरचं स्टेनलेस फोडते, हे त्याला पटेना. डक्टवालाही पुटपुटला, की मी रोज हीच तार वापरतो, ती कशाला काही फोडेल.

"तुमच्या डक्टमधून थंड हवा जाते," मावशी म्हणाली. "काका, मशीन राहू दे. गॅसची ज्योत घ्या."

८. दोन पट्ट्या

काकांनी एकाच पाइपमधून स्टेनलेसच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीला डक्टवाल्याच्या खिशातली तार गुंडाळली, दुसरी उघडी ठेवली. दोन्ही शिकंज्यात धरून, वाकवून ताण दिला आणि एकामागून एक सारख्याच तापवल्या.

उघडी पट्टी लाल झाली, नुसती वाकली आणि तशीच राहिली.

तारेच्या पट्टीवर आधी पिवळट धूर उठला. काकांनी सगळ्यांना मागे सारलं आणि पंखा लावला. मग तारेखाली बारीक, फांद्या फुटलेली रेघ उमटली. काकांनी पकडीने जरा दाबलं आणि पट्टी बिस्किटासारखी तुटली.

मावशीने ती निवू दिली आणि भिंग मालकाच्या हातात दिलं. तड्याला मुळांसारख्या फांद्या होत्या. हेडरच्या तड्यालाही तशाच. धक्क्यांनी थकून फुटलेल्या पाइपचा तडा सरळ आणि एकटा जातो, तिने सांगितलं. जस्त मात्र निम्म्या उष्णतेतच वितळतं आणि स्टेनलेसच्या कणाकणांच्या मधून आत झिरपतं. जिथे ताण असेल तिथे धातू उकलतो. साध्या लोखंडाला ते असं सहसा खात नाही, म्हणून स्वस्तातलं हेडर गंजेपर्यंत जगलं. जितका चांगला धातू निवडला, तितक्या लवकर तो फुटला. दोष काकांचा नव्हता, पार्टवाल्याचाही नव्हता.

"माझाच आहे," डक्टवाला म्हणाला.

"तुझी ढाल बरोबर आहे," काका म्हणाले. "कल्पना मलाच सुचायला हवी होती. फक्त पत्रा आणि तार बदलू. दोन्ही स्टेनलेसची. आणि पाइपला चिकटवायची नाही, मध्ये हवा खेळू द्यायची. मापं तू घे, पत्र्यात तुझा हात चांगला आहे."

भिंगरीने वजन विचारलं. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

९. चारी जिथे मिळतात

मावशीने पर्स उचलली. काकांना जे सांगायचं होतं ते आता तूच सांग, असं ती भाच्याला म्हणाली आणि दारातच थांबली, कारण ऐकायचं तर होतंच.

मालक कपाटापाशी गेला. कुलूप नवं होतं, पिशवीतून काढलेलंही नव्हतं. ते त्याने तसंच खणात टाकलं.

"काका, सोमवारपासून," तो म्हणाला आणि अडला. काका उभे राहिले. "सोमवारपासून आठवड्याला दोन हेडर होतील का? पार्टवाल्याला विकायला हवीत. तुमचा जोड त्याला आवडलाय, पण हे मी सांगितलं नाही."

काकांनी मनातल्या मनात दिवस मोजले.

"दोन होतील," ते म्हणाले. "तीन म्हणाला असतास तर भांडलो असतो."

त्यांनी हातमोजे उचलले. संध्याकाळपर्यंत तिसरा पाइप कापून नवा बसला.

रविवारी भिंगरी सातवी आली. उतरल्या उतरल्या तिने वेळेचं गणित मांडलं आणि ढालीमुळे किती दशांश सेकंद गेले ते नवऱ्याला सांगितलं. त्याने यंदा पहिल्यांदाच चढ संपेपर्यंत श्वास घेतला होता, त्यामुळे त्याला काहीच लागलं नाही. हेडर निवायला पाऊण तास लागला. मग मावशी भिंग घेऊन वाकली आणि काका तिच्या मागे, हात पाठीशी बांधून, उभे राहिले. तिसऱ्या पाइपवर निळसर-सोनेरी झाक होती. बाकी काही नव्हतं.

काकांनी आयुष्यातला पहिला जोड मारला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. तो दुपारपर्यंतही टिकला नाही, आणि तो का तुटला हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.